पिशवी मात्र परत द्या

ठसेभाऊंचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नाही, आणि त्यांना स्वतःला ते फक्त फॉर्म भरताना लागतं. एकतीस वर्षं माणूस दुसऱ्यांची नावं छापत बसला की स्वतःचं असं मागे पडतं. पेनं, किल्लीचे छल्ले, मग, फूटपट्ट्या, छत्र्या, भिंतीवरची घड्याळं. दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातात जे जे फुकट ठेवून 'आमची आठवण असू द्या' म्हणतो, त्या सगळ्यावर नाव उमटवायचं काम ठसेभाऊंचं. लाकडी चौकटीत ताणलेली जाळी, जाळीवर शाई, शाईवरून रबरी पट्टी एकदाच, न थांबता ओढायची. थांबलात की अक्षर सुजलं.

हे सगळं चालतं घराच्या तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत. वर दोन खोल्या आहेत. एकीत ठसेभाऊ झोपतात, दुसरीत त्यांची थोरली बहीण अक्का. मध्ये सोळा पायऱ्यांचा जिना आहे, आणि भांडण त्या जिन्यावरूनच सुरू झालं.

"धाकट्या," बुधवारी सकाळी अक्का खालच्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, गुडघे गेले, जिना बंद."

"मग चढू नकोस."

"उडू?"

ठसेभाऊंनी जाळी पुसत राहणं पसंत केलं.

"ही खोली मला दे," अक्का म्हणाल्या. "पलंग इथे येईल, न्हाणीघर मागे आहेच. तुझ्या जाळ्याबिळ्या आवर आता."

"आणि माझं काम?"

"कसलं काम? लोकांच्या घरातल्या अडगळीवर नावं घालतोस. छापतोस तू, देतो दुकानदार, आणि जातं सगळं माळ्यावर. मध्ये कुणाचं काही अडतंय का?"

हे मात्र लागलं. गुडघ्यांचं म्हणणं ठसेभाऊंना पटत होतं. सोळा पायऱ्या अक्का कशा चढतात ते त्यांना रोज ऐकू यायचं, प्रत्येक पायरीला एक 'आई गं' आणि आठव्या पायरीला दोन. पण अडगळ? एकतीस वर्षांची अडगळ?

"लोक वापरतात माझ्या वस्तू," ते म्हणाले.

"एक दाखव."

"तुझ्या हातात काय आहे?"

अक्कांनी हाताकडे पाहिलं. हातात पाठ खाजवायचा लाकडी पंजा होता. त्याच्या दांड्यावर गाद्यांच्या एका दुकानाचं नाव लाल अक्षरात अर्धंमुर्धं उरलं होतं. अक्का गेली नऊ वर्षं त्या पंजाशिवाय पेपर वाचू शकत नाहीत.

"घरातलं धरायचं नाही," अक्का म्हणाल्या आणि पाठ खाजवणं पूर्ण केलं.

मग त्यांनी अटी घातल्या. अक्का पूर्वी शाळेत परीक्षांच्या वेळी पर्यवेक्षिका होत्या, त्यामुळे अटी त्यांना तोंडपाठ असल्यासारख्या सुचतात. वस्तू ठसेभाऊंनी छापलेली पाहिजे. रोजच्या वापरात पाहिजे. वरचं नाव वाचता आलं पाहिजे. रविवारी संध्याकाळपर्यंत अशी एक वस्तू आणून दाखवली तर खोली ठसेभाऊंची आणि अक्का पुन्हा तो विषय काढणार नाहीत. नाही दाखवली तर सोमवारी पलंग खाली.

"एकच?" ठसेभाऊ हसले. "पोतं भरून आणतो."

*

पहिलं घर मास्तरांचं. मास्तरांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण समोरच्याला दुसऱ्या बाकावर बसवल्यासारखं बोलणं गेलं नाही.

"म्हणजे कसं आहे बघा," ते म्हणाले, "पेनं विचाराल तर माझ्याकडे त्रेचाळीस आहेत." आणि त्यांनी खण उघडला. त्रेचाळीसही ठसेभाऊंनी छापलेली. विमा कंपनीची, पतसंस्थेची, दाताच्या दवाखान्याची. नावं कोरी करकरीत.

ठसेभाऊंचा जीव भांड्यात पडला. "कोणतं वापरता?"

"हे." मास्तरांनी खिशातलं पेन दाखवलं. त्यावर काहीच छापलेलं नव्हतं. "हे विकत घेतलं. ती चालत नाहीत ना. वाळली सगळी."

"मग ठेवलीत कशाला?"

"म्हणजे कसं आहे बघा, टाकवत नाही. पेन आहे शेवटी."

मग भिंतीवरच्या घड्याळाचा विषय निघाला. ठसेभाऊंनी छापलेलं घड्याळ मास्तरांच्या कपाटात होतं, खोक्यात, खोक्याभोवतीची दोरीसुद्धा न सोडलेली.

"हे का नाही लावलं?"

"चांगलं आहे हो ते," मास्तर म्हणाले. "चांगलं आहे म्हणून ठेवलंय."

अक्कांना निदान छापलेलं काम तरी दाखवावं म्हणून ठसेभाऊंनी विचारलं, नेऊ का? मास्तरांना एवढा आनंद झाला की तो त्यांना लपवताही आला नाही. पेनं, घड्याळ, चौदा छल्ले, काचेचं एक पेपरवेट, सगळं त्यांनी भराभर गोळा केलं, दाराआडच्या खिळ्यावरची कापडी पिशवी काढली आणि तिच्यात कोंबलं.

"हे परत आणायची काही घाई नाही," ते म्हणाले. "आणूच नका, म्हणजे कसं आहे बघा. पिशवी मात्र परत द्या. उद्याच द्या."

ठसेभाऊंनी पिशवी घेतली, तिच्यावरचं चित्र न बघता ओळखलं आणि चित्राची बाजू पायाकडे वळवून चालू लागले.

ती पिशवी त्यांना ओळखावी लागत नसे. गल्लीत ती कुठेही समोर आली की गेली चौदा वर्षं त्यांची मान आपोआप दुसरीकडे वळायची. तिच्यावर एक भलामोठा चष्मा होता, चष्म्याखाली एका चष्मेवाल्याच्या दुकानाचं नाव, आणि नावाखाली ओळ: 'आता नीट बघा'. आणि हे सगळं उलटं. चष्म्याच्या काड्या खाली, नाव डोक्यावर उभं.

झालं होतं असं. पिशव्यांचं कापड आधी ठसेभाऊ छापायचे आणि मग समोरच्या घरातल्या शिवणवाल्या बाई ते शिवायच्या. कापडाच्या तुकड्याला वर-खाली काही नसतं आणि चित्राच्या भरवशावर राहायचं नाही, म्हणून बंद कुठल्या टोकाला लावायचे त्याची खडूने खूण करून द्यायची, असा दोघांचा रिवाज होता. अडीचशे तुकडे गेले, अडीचशे पिशव्या आल्या, आणि चष्मा शीर्षासन करत आला. चष्मेवाला लाल झाला. तेव्हा ठसेभाऊ त्याला म्हणाले, "बाईंनी बंद भलत्या टोकाला लावले. या पिशवीशी माझा काही संबंध नाही." चष्मेवाला गेला, पिशव्या राहिल्या. अक्कांनी दारात ढीग लावून ठेवला, ज्याला हवी त्याने न्यावी. दोन दिवसांत ढीग संपला. शिवणवाल्या बाई त्या दिवसापासून ठसेभाऊंशी बोलत नाहीत, आणि तेव्हापासून पिशव्यांचं काम त्यांनी घेतलंच नाही.

तेव्हा पिशव्या मोजायच्या नव्हत्या. त्यांचा संबंधच नव्हता. तसं सगळ्यांना सांगून झालं होतं.

*

दुसरं घर औषधवाल्याचं. औषधवाला दुकानात होता, बायको स्वयंपाकघरात होती, आणि तिचं बोलणं ठसेभाऊ आत यायच्या आधीच सुरू झालेलं होतं.

"या या भाऊ, बसा, तिथे नको, ती खुर्ची डुगडुगते, इथे बसा, काय म्हणता, फुकटच्या वस्तू? अहो आमच्याकडे फुकटचंच आहे सगळं, औषधवाल्याकडे दुसरं काय असणार, हे बघा!"

कपाटातून चार मग निघाले. पोट साफ होण्याच्या एका औषधाची जाहिरात. ठसेभाऊंचीच छपाई, हिरव्या शाईत: 'सकाळी मोकळे व्हा!'

"रोज चहा पिता यातून?" ठसेभाऊंनी आशेने विचारलं.

"इश्श! पाहुण्यांसमोर? एकदा व्याह्यांना दिला होता चुकून. वाचलं त्यांनी. मोठ्यांदा वाचलं हो! तेव्हापासून आत आहेत ते मग. व्याही नाहीत, मग."

तेवढ्यात औषधवाल्याच्या बायकोने कसलीशी काचेची बरणी घेतली आणि ओट्यावरची वाटोळी रबरी चकती झाकणावर ठेवून एका झटक्यात ती उघडली. ठसेभाऊ खुर्चीतून उठलेच.

"ही कुठली?"

"ही? ही तर माझा उजवा हात आहे! वीस वर्षं झाली. ही हरवली तर मी जेवायला घालायची नाही कुणाला."

ठसेभाऊंनी चकती उजेडात धरली. एका डॉक्टरांनी दवाखान्याच्या उद्घाटनाला वाटलेली, त्यांनीच छापलेली, निळ्या शाईत. आता तिच्यावर निळा ठिपकासुद्धा नव्हता. वीस वर्षांच्या बरण्यांनी दवाखाना पार घासून टाकला होता.

"यावर नाव होतं," ते म्हणाले.

"असेल हो. गेलं ते बरं झालं, आता स्वच्छ दिसते."

इथे ठसेभाऊंना आपल्या धंद्यातली एक गोष्ट एकतीस वर्षांनी पहिल्यांदा कळली. वस्तू वापरली की नाव जातं. नाव शाबूत आहे म्हणजे वस्तूला कुणी हात लावलेला नाही. अक्कांनी दोन्ही एकदम मागितलं होतं. अक्का पर्यवेक्षिका होत्या त्या काही उगाच नव्हे.

निघताना औषधवाल्याच्या बायकोने चारही मग बांधून दिले. "न्या, न्या, माझी सुटका होईल. आणि भाऊ, पिशवी तेवढी परत आणा हं, विसराल, मी ओळखते तुम्हाला, विसरू नका, मला शुक्रवारी बाजाराला लागते!"

चष्मा. उलटा. ठसेभाऊंनी ती बाजूही पायाकडे वळवली. पण आता पिशव्या दोन होत्या आणि पायही दोनच, म्हणजे तिसऱ्या घरानंतर पंचाईत होती.

तिसरा वायरमन. वायरमन शब्द मोजून वापरतो.

"छत्री दिली होती दुकानाने. आहे?"

"होती."

"कुठे गेली?"

"विसरलो कुठेतरी."

"कुठे?"

"आठवलं असतं तर आणली असती."

"फूटपट्टी?"

फूटपट्टी होती. वायरमन तिने रंगाचा डबा ढवळत होता. सहा रंगांचे थर चढून ती आता काठीसारखी जाड झाली होती, आणि नाव कुठल्या थराखाली होतं ते देवालाच ठाऊक. पण नाव असो नसो, वायरमनने ती दिली नाही. तिने ढवळतो, म्हणाला. त्याऐवजी एक बंद पडलेली टॉर्च दिली, नाव अगदी ठळक. ती घालून द्यायला त्याने भिंतीवरून पिशवी काढली. आतली पक्कड, हातोडी, खिळ्यांचं खोकं बाहेर ओतलं. दहा किलो तरी असेल. पिशवी टॉर्चला दिली.

"परत," तो म्हणाला.

"टॉर्च?"

"पिशवी."

*

शनिवारपर्यंत ठसेभाऊ सात घरं फिरले. सातही घरांनी त्यांना वस्तू अशा दिल्या जसा काही घरातला उंदीर पकडून द्यावा. सातही घरांनी पिशवी परत मागितली. कुणी तारीख सांगितली, कुणी वेळ. एका आजोबांनी तर पिशवीचा बंद सोडायच्या आधी ठसेभाऊंचा फोन नंबर लिहून घेतला. लिहिताना पेन चाललं नाही. ते पेन ठसेभाऊंनीच छापलेलं होतं.

रविवारी संध्याकाळी खोलीतल्या टेबलावर ढीग लागला. अक्का खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि एकेक वस्तू हातात घेऊन बाजूला ठेवायला लागल्या, उत्तरपत्रिका तपासतात तशा.

"पेनं. चालतात?"

"नाही."

"घड्याळ. दोरी सुटलेली नाही. मग. 'सकाळी मो...' हे काय?"

"पुढचं बघ."

"टॉर्च पेटत नाही. छल्ल्यांना किल्ली कधी लागलेली नाही." अक्कांनी शेवटी पेपरवेट ठेवलं. "यातलं कुणी काही परत मागितलं?"

"नाही."

"काहीच नाही?"

ठसेभाऊंना खोटं बोलायचं तर आत्ताच होतं. पण अक्कांसमोर ते चार वर्षांचे असल्यापासून खोटं बोलू शकले नव्हते. एकदाच जमलं होतं.

"पिशव्या मागितल्या," ते म्हणाले.

"कुणी?"

"सगळ्यांनी."

अक्कांनी रिकाम्या पिशव्या उचलल्या आणि टेबलावर ओळीने पसरल्या. सात उलटे चष्मे छताकडे तोंड करून पडले. अक्कांनी मान वाकडी केली, आणखी वाकडी केली आणि वाचलं, "आता. नीट. बघा." मग मान सरळ करून त्या म्हणाल्या, "नाव वाचता येतंय. रोज वापरतात, नाहीतर परत मागतील कशाला. घरातली नाही. माझ्या तीन अटी बसल्या. पहिली राहिली. छापली कुणी?"

"मी."

"नाही रे. तू म्हणाला होतास, या पिशवीशी माझा काही संबंध नाही. मी तिथेच होते, या दारात. चौदा वर्षं तेच म्हणतोयस. आज कुठून आला संबंध?"

ठसेभाऊंनी सात चष्म्यांकडे पाहिलं. एका वाक्यात खोली मिळत होती. फक्त ते वाक्य चौदा वर्षं जुनं होतं.

"खडू मी लावला होता," ते म्हणाले. "खालच्या टोकाला. सगळ्या तुकड्यांना. नंतर पुसून टाकला."

अक्कांना धक्काबिक्का काही बसला नाही. त्यांनी पंजा घेतला आणि पाठ खाजवली.

"मला कशाला सांगतोस?" त्या म्हणाल्या. "माझं काय गेलंय? समोर राहते ती. तिला सांग, आणि ये. मग खोली तुझी."

*

समोरचं घर बावीस पावलांवर आहे. ठसेभाऊंनी त्या पावलांना चौदा वर्षं लावली आणि वर आणखी दहा मिनिटं.

शिवणवाल्या बाई मशीनवर होत्या. दारात ठसेभाऊ दिसले तरी मशीन थांबलं नाही.

"बाई," ठसेभाऊ मशीनपेक्षा मोठ्याने म्हणाले, "त्या चष्म्याच्या पिशव्या. खूण मी चुकवली होती. तुमची काही चूक नव्हती."

मशीन चालूच. शिवण शेवटापर्यंत गेली. बाईंनी दोरा दाताने तोडला.

"निळा खडू होता," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, चष्मा उलटा आहे हे दिसत होतं की मला. डोळे होते. विचारायला आले होते मी तुमच्याकडे, पहिला तुकडा हातात घेऊन. तुम्ही फोनवर कुणाशी तरी हसत होतात. मी तुकडा दाखवला. तुम्ही हात असा केलात." बाईंनी माशी हाकलावी तसा हात केला. ठसेभाऊंचा हात हुबेहूब. "शिवा, शिवा. म्हटलं, उलटंच हवं असेल. आजकाल काय काय फॅशन निघते."

ठसेभाऊंना फोन आठवला नाही. पण हात आठवला. तो हात ते अजूनही तसाच करतात.

"मग चष्मेवाल्यासमोर बोलला का नाहीत?"

"तुम्ही आधी बोललात ना. जोरात बोललात." त्यांनी पुढचं कापड ओढून घेतलं. "नंतर म्हटलं, येतील सांगायला. आज येतील, उद्या येतील. मग वर्षं निघाली, मग वाट बघायचीही सवय झाली."

"सात घरांतून आणल्यात मी पिशव्या. एकीचाही बंद तुटलेला नाही."

"तुटतील कशा? दुहेरी शिवण घातलीय. चित्र उलटं जाणारच होतं, निदान पिशवी तरी सरळ चालावी." हे म्हणताना बाई हसल्या नाहीत, पण मशीनही पुन्हा सुरू झालं नाही. "गुडघे कसे आहेत अक्कांचे?"

"आठव्या पायरीला दोनदा ओरडते."

"ऐकू येतं इथपर्यंत." बाईंनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला हनुवटीने खूण केली. तिथे कापड बेतायचं लांबलचक टेबल होतं, अर्ध्यावर कापडाचे गठ्ठे, अर्धं मोकळं. "ते अर्धं रिकामंच असतं."

"खोली मी जिंकली आहे आत्ता," ठसेभाऊ म्हणाले.

"असू द्या की जिंकलेली. मी कुठे हरलेली मागतेय?" त्यांनी हात पुढे केला. "खडू द्या."

ठसेभाऊंच्या खिशात खडू असतोच. त्यांनी तो दिला. बाईंनी तो आपल्या पांढऱ्या खडूच्या डबीत टाकला, डबीचं झाकण लावलं आणि डबी मशीनच्या खणात ठेवली.

"खूण इथून पुढे मी करणार," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही फोन बाहेर जाऊन घ्यायचा."

*

गुरुवारी अक्कांचा पलंग खाली आला. वायरमन एका बाजूला, औषधवाला दुसऱ्या बाजूला, आणि औषधवाल्याची बायको वरून सूचना देत. जाळ्या, शायांचे डबे, रबरी पट्ट्या बावीस पावलं पलीकडे गेल्या. अक्का नव्या जागी बसल्या, खिडकीतून समोर पाहिलं आणि म्हणाल्या, "अटीप्रमाणे तू जिंकलास हं, धाकट्या. मी विषय काढलेला नाही."

"नाही काढलास," ठसेभाऊ म्हणाले.

मग ते पिशव्या परत द्यायला निघाले. मास्तरांची सर्वांत शेवटी, कारण मास्तरांनी 'उद्याच द्या' म्हटल्याला आठवडा झाला होता आणि ते बोलणार होते. ते बोललेच. मग त्यांनी पिशवी हातात घेतली, शिवण ताणून पाहिली, आत हात घालून तळ चाचपला आणि ती आपलीच आहे अशी खात्री झाल्यावर दाराआडच्या खिळ्याला अडकवली.

"घड्याळ पण आणलंत की काय?" त्यांनी धास्तीने विचारलं.

"नाही."

"बरं झालं."

पिशवी खिळ्यावर लटकत राहिली. ठसेभाऊ दारातून निघाले, थांबले, मागे वळले. या वेळी त्यांची मान दुसरीकडे गेली नाही. खांद्याला कान लागेपर्यंत त्यांनी ती वाकडी केली आणि सगळं वाचून काढलं, दुकानाचं नाव, पत्ता, खालची ओळ. शाई चांगली बसली होती. एकाही अक्षराला सूज नव्हती.